आरोपी : मयत चालक

ती घटना आठवली नाही असा महिना आजही जात नाही. तेव्हा मी कुंभकोणमला पोलीस निरीक्षक होतो. जन्म तंजावरकडच्या मराठी घरातला. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

एका सकाळी दहाच्या सुमारास पट्टीश्वरम् रस्त्यावर एक मोटार चिंचेच्या झाडावर आदळली. चालवणारा जागीच गेला. तो गावातला डोळ्यांचा डॉक्टर, चाळिशीतला, आमच्याच मराठी समाजातला. गाडी परदेशी बनावटीची, प्रचंड ताकदीची, पण जुनी. दोन महिन्यांपूर्वी एका दलालाकडून घेतलेली. पंचनाम्यात मी लिहिलं, 'वाहन भरधाव वेगात होते.' वेग कोणी मोजला नव्हता. तसली गाडी दिसली की हात आपोआप तसं लिहितो. निष्काळजीपणाचा गुन्हा मेलेल्या डॉक्टरवरच दाखल झाला.

तेरावं उरकून त्याची पत्नी ठाण्यात आली. कॉलेजात गणित शिकवणारी, शांत बाई.

"त्यांस गाडीची हौस होती, वेगाची नव्हती," ती म्हणाली. "इंजिनाचा आवाज ऐकावा म्हणून काच खाली करून हळू चालवीत. आणि साहेब, एअरबॅग एकही का उघडली नाही?"

"तपास चालू आहे," मी म्हणालो. चालू नव्हता.

दोन दिवसांनी ठाण्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस तमिळमध्ये एवढंच बोलला, "अय्या, त्या गाडीच्या स्टीअरिंगचं झाकण उघडून बघा." नाव न सांगता त्यानं फोन ठेवला. माझा अनुभव असा, की खोटी खबर देणारा पाल्हाळ लावतो. खरी देणारा घाईत असतो.

मोटार वाहन निरीक्षकाला बोलावून पंचांसमक्ष झाकण उघडलं. आत एअरबॅगच नव्हती. शेजारच्या सीटसमोरचीही काढून टाकलेली होती. एअरबॅग नसल्याचं सांगणारा समोरचा दिवा पेटू नये म्हणून वायरींची टोकं एका बारीकशा तारेच्या तुकड्यानं जोडली होती. गाडीच्या संगणकात आधीच्या एका मोठ्या अपघाताची नोंद तशीच पडून होती, विक्रीपूर्वीची.

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. रस्त्याकडेला भात वाळत घालणारी एक बाई पंचनाम्याच्या वेळी गप्प राहिली होती. रस्ता अडवल्याचा ठपका आपल्यावर येईल, ही तिची भीती. मी तिच्याजवळ खाली बसलो, तेव्हा ती बोलली. "गाडी बसपेक्षा हळूच होती. शेळी आडवी आली, तिला चुकवायला गेला." तिचा जबाब लिहून घेताना मला तिच्याकडे बघवेना.

दलालाला बोलावलं. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, जिभेवर साखर. तासन् तास तमिळमध्ये एकच पालुपद, "मलाही तशीच मिळाली होती." मग अचानक तो आमच्या मराठीवर आला, जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला कळू नये म्हणून.

"अण्णा, आपण एका भाषेचे. हे इथेच मिटवा."

"हेच तमिळमध्ये सांग. याला लिहून घेऊ दे," मी म्हणालो. तो पुन्हा तमिळवर आणि त्याच पालुपदावर आला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरच्या पत्नीचा पुरवणी जबाब घेतला. गाडी पाहायला गेलात तो दिवस पहिल्यापासून सांगा, म्हटलं. ती सांगत गेली. "तिरुनागेश्वरम्‌पर्यंत त्यांनी गाडी चालवून पाहिली. मी दलालास म्हटलं, तुम्ही पुढे बसा. तर हट्टानं मज पुढे बसविलं, आपण मागे बसला."

मी त्याच्या आणखी दोन गिऱ्हाइकांना विचारलं. त्यांच्या वेळी तो पुढेच बसला होता. गाडीच्या खुब्या सांगायला पुढेच बसावं लागतं.

मग दलालाला मी एकच प्रश्न केला. "या एकाच गाडीत तू मागे का बसलास?"

त्यानं पाणी मागितलं. प्यायला. मग मराठीत म्हणाला, "पुढे बसायची छाती झाली नाही."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. पण त्यानंच दाखवलेल्या वर्कशॉपच्या माळ्यावर त्या गाडीच्या, आधीच्या अपघातात फुटलेल्या एअरबॅगा आणि दुरुस्तीआधीचे फोटो सापडले. ते टिकले. त्याला शिक्षा झाली.

डॉक्टरवरचा गुन्हा बंद करण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला. त्याची प्रत घेऊन तिरुविसनल्लूरला त्याच्या वडिलांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, निवृत्त शिक्षक. मी सांगितलं, "पहिला पंचनामा माझ्या हातचा होता. चूक माझी."

ते रागावले नाहीत. कागद पूर्ण वाचून त्यांनी माझ्या हाती परत दिला.

"हे मज एकट्यास ऐकवून काय? मुलगा मस्तीत मेला, असं ही सारी गल्ली म्हणते. त्यांस ऐकवा."

गुन्हेगार पकडणं हे पोलिसाचं अर्धंच काम, हे मला त्या दारात कळलं. आपण घाईत लिहिलेला एक शब्द माणसाच्या घरापर्यंत, त्याच्या बापाच्या उंबऱ्यापर्यंत जातो, आणि तो आपोआप मागे येत नाही. त्याला आणायला आपल्यालाच जावं लागतं.

त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. पंधरावीस माणसं जमली. मी ओट्यावर उभा राहिलो, टोपी काढली आणि तो अहवाल पहिल्या ओळीपासून तमिळमध्ये मोठ्यानं वाचू लागलो.