दहावा शब्द

मुरूमला आमच्या लोकांचं एकच घर होतं, ते आमचं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, तेलाच्या गिरणीला लागून. मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलाच्या आईनं विचारलं, "बाई, तुमी मुसलमान का किरिस्ताव?" मी म्हटलं, आम्ही बेने इस्राएल, यहुदी. ती जरा विचार करून म्हणाली, "म्हंजी लिंगायतातच येतं का ते?" मी हो म्हणून टाकलं. दर वेळी कुणाकुणाला समजावत बसायचं?

बाबा गिरणीत मिस्त्री होते. कोकणात आमच्या लोकांचा पिढ्यान् पिढ्या तेलाचा धंदा. शनिवारी आमच्यात काम निषिद्ध, घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बाबांचा घाणा सुटला, कोकण सुटलं, तेल काही सुटलं नाही. गिरणी आधी एका व्यापाऱ्याची होती, पुढं ती शेतकऱ्यांच्या सोसायटीची झाली. चेअरमन बदलत गेले, पण बाबांची अट तीच राहिली. शनिवारी यंत्राला हात लावणार नाही, पाहिजे तर दिवाळीच्या दिवशीही कामावर येईन. सोसायटीला हा सौदा परवडत होता.

आई मी लहान असतानाच गेली. दादा, माझा एकुलता एक भाऊ, मोठा झाल्यावर इस्राएलला निघून गेला. त्या काळी आमच्यातली सगळीच तरणी माणसं जात होती. बाबांनी त्याला एका शब्दानं अडवलं नाही. त्याला सोलापूर स्टेशनवर सोडून आम्ही एसटीनं परत येत होतो, तेव्हा नळदुर्गच्या पुढं आल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता माझ्यामागं कद्दिश कोण म्हणणार गं?"

कद्दिश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. मुलानं म्हणायची. मुलगा नसेल तर दुसऱ्या कुणी पुरुषानं. तिच्यात मरणाचं नावही नाही, नुसती देवाची थोरवी आहे. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा जाणते यहुदी पुरुष हजर असावे लागतात. मुरूममध्ये एक होता, आणि कद्दिश त्याच्याचसाठी लागणार होती.

सोलापुरात रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्यातलेच एक गृहस्थ होते. सगळे त्यांना सर म्हणत. दर रविवारी ते आपल्या घरी मोठ्या माणसांसाठी वर्ग घ्यायचे. आमच्या लोकांना प्रार्थना तोंडपाठ, पण हिब्रू अक्षर ओळखता येत नव्हतं आणि अर्थ तर कुणालाच ठाऊक नव्हता. बाबांनी ठरवलं की आपण जायचं. पहाटेच्या गाडीनं निघायचो. नळदुर्गपर्यंत गाडी तुळजापूरला जाणाऱ्या भाविकांनी खच्चून भरलेली असायची. तिथं ती माणसं उतरली की आम्हाला बसायला मिळायचं.

वर्ग म्हणजे काय, तर चटईवर बसलेले आठ-नऊ पिकले पुरुष आणि मी. रेल्वेतला एक फिटर होता, एक दवाखान्यातला कंपाउंडर, एक कापडाच्या मिलमधला जॉबर. फिटरचं बोट एवढं जाड की एका वेळी दोन अक्षरं त्याच्याखाली झाकून जायची. सर चिडायचे, तो हसायचा. बाबांनी पहिल्या महिन्यातच हात टेकले. "मला आता कुठं शिरतंय डोक्यात. तू शीक, मी ऐकतो," असं म्हणून ते मागं भिंतीला टेकून बसायचे. मी मात्र झपाट्यानं शिकले. वर्षभरात अख्खं प्रार्थनेचं पुस्तक न अडखळता वाचू लागले. खोटं कशाला बोलू, त्या वर्गात माझ्याइतकं नीट कुणालाच येत नव्हतं, आणि ते मला फार आवडत होतं.

त्याहून आवडायचं ते सरांचं शिकवणं. ते एखादी गोष्ट समजावून सांगायचे आणि लगेच म्हणायचे, "आता माझं खोडून काढा." आमच्या शाळेत असं कुणी केलं असतं तर छडी खाल्ली असती. मग हळूहळू तोंडं उघडली. आमच्या प्रार्थनेत वर्षाचे काही महिने पाऊस मागतात. तो आश्विन संपता संपता मागायला लागायचा, म्हणजे नेमका आमच्याकडचे ढग परतल्यावर. कंपाउंडरनं विचारलं, "सर, ह्यो पाऊस तिकडचा झाला. आपण सोलापुरात बसून तिकडचा पाऊस कशाला मागायचा? आपल्याला मिरगात पायजे." सरांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, आपण जिथून आलो तिथली माणसं उपाशी असतील तर आपलं पोट भरून काय उपयोग, असा त्याचा अर्थ लावता येईल. "आणि आपणच उपाशी असलो तर?" मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "हे तू पुढच्या रविवारी सांग." मी पुढच्या रविवारी काही सांगितलं नाही, पण आठवडाभर डोक्यात तेच होतं. असलं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

वर्ग संपला की दुपारची प्रार्थना व्हायची. तिलाही दहा लागत. पण आमच्यात माणसं मोजत नाहीत. गुरं मोजावीत, पोती मोजावीत, माणसाला आकडा लावू नये असं सर सांगत. त्यासाठी दहा शब्दांचं एक वचन होतं. एकेकानं एकेक शब्द म्हणायचा, वचन पुरं झालं की दहा आहेत असं समजायचं आणि सुरुवात करायची. बाबा सगळ्यांच्या मागं बसत, म्हणून दहावा शब्द नेहमी त्यांच्या वाट्याला यायचा. तेवढा एकच शब्द ते खणखणीत म्हणायचे. परतीच्या गाडीत त्यांची कळी खुललेली असायची. "आहेत की दहा," ते म्हणायचे. "माझी सोय झाली." मलाही तसंच वाटायचं. सरांना वाटायचं, फिटरला वाटायचं, सगळ्यांनाच वाटायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्या वर्षी ना भुईमूग आला ना करडई. गिरणीत गाळायला काही नव्हतं, सोसायटीनं कुलूप लावलं. विहिरींचे तळ दिसू लागले. सडकेच्या कामावर गावच्या गाव खडी फोडायला बसलं, आणि माझ्या वर्गातली पोरं आयांबरोबर तिथं सुकडी खाऊन झोपायची. शाळेत मी रिकाम्या बाकांना शिकवत होते म्हटलं तरी चालेल. टँकर बहुतेक शनिवारी यायचा. बाबा शनिवारी भांडं उचलायचे नाहीत आणि मलाही उचलू द्यायचे नाहीत. शेजारी चाचा राहायचे, चुन्याचा व्यापार करणारे म्हातारे मुसलमान गृहस्थ. ते न सांगता आमच्या घागरी भरून दारात ठेवायचे. "तुमचा शनिवार म्हंजी आमच्या कमरेला ताप," असं कुरकुरायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा भरायचे.

वैशाखात बाबांना ऊन लागलं. गिरणीतला पंप सोसायटीच्या विहिरीवर बसवून द्यायला गेले होते, लोकांना थोडं तरी पाणी लागेल म्हणून. संध्याकाळी घरी आणलं तेव्हा अंग भट्टीसारखं तापलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेले. शेवटपर्यंत शुद्धीत होते. मला म्हणाले, "सरांना निरोप दे. दहा आहेत." तोंडावर घाबरलेपण अजिबात नव्हतं. मला ते तोंड आजही दिसतं आणि आजही जिवाची तगमग होते.

पोस्टातून फोन केला. दुपारपर्यंत सर सगळ्यांना घेऊन आले. कुणी कामावर दांडी मारून आलेलं, कुणी आजारी अंगानं. बाबांना अंघोळ घालायला पाणी नव्हतं, चाचांनी गल्लीत घरोघर फिरून तांब्या तांब्या गोळा केलं. जागाही त्यांनीच मिळवून दिली, त्यांच्या कबरस्तानाच्या कडेला, कुंपणाजवळ. "ही मान्सं बी त्यांच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हनत्यात न्हवं? मग काय अडचण हाय," असं त्यांनी त्यांच्या लोकांना सांगितलं. जमीन इतकी वाळली होती की कुदळ आपटून परत यायची. दोन माणसांचे तळवे फुटले.

माती लोटून झाली. सर पुढं आले, सवयीप्रमाणं वचनाचा पहिला शब्द म्हणाले. फिटर दुसरा. कंपाउंडर तिसरा. एकेक करत वचन मागं सरकत गेलं आणि नवव्या शब्दाशी थांबलं. मग एकेक मान वळली आणि सगळे त्या कोरड्या मातीच्या ढिगाकडं बघू लागले. दहावा शब्द म्हणणारा तिच्याखाली होता.

इतकी वर्षं आम्ही बाबांच्या कद्दिशसाठी बाबांनाच धरून बसलो होतो. हिशेब चुकला असंही म्हणता येत नाही, कारण आम्ही कधी मोजलंच नव्हतं. फिटर कपाळाला हात लावून खाली बसला. चाचा काय झालं ते विचारून आले आणि सरांना म्हणाले, "म्या हाय की. मला धरा दहावा." सरांनी त्यांना हात जोडले, मान हलवली. मग मी पुढं झाले. पुस्तक माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "सर, मी वाचते. सगळ्यांत नीट मलाच येतं." सर माझ्याकडं बघेनात. "तुला येतं," ते म्हणाले, "पण तू दहावी होत नाहीस."

"मग मला शिकवलं कशाला?"

मी ओरडले असेन, कारण कुंपणाबाहेरची माणसं वळून बघायला लागली. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिकायला दहा लागत नाहीत, म्हणून शिकवलं, असं काहीतरी ते पुटपुटले. मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तो पुढं कधी पुरता गेला नाही. "आता खोडून काढते तुमचं," असं म्हणावंसं वाटलं. कद्दिश न म्हणताच सगळे परत फिरले. सर म्हणाले, महिन्याच्या आत कुठूनतरी दहावा माणूस आणू, मग म्हणू. महिन्याच्या आत जॉबर मुलाकडं मुंबईला गेला आणि आठ उरले.

मी दादाला तार केली. त्याची उलट तार आली, काळजी करू नको, मी इथं सगळं करतो. तेवढ्या एका ओळीवर मी जगले. मुंबईला जाऊन तिथल्या आमच्या मशिदीत कुणाला विनवावं असं मनात होतं, ते सोडून दिलं. दादाकडं इस्राएलात काय, गल्लीगल्लीत दहा माणसं. वर्षभर रोज संध्याकाळी दिवा लावताना मी मनात म्हणायचे, आत्ता दादा उभा असेल, आत्ता त्याच्या मागं लोक आमेन म्हणत असतील. पुढं सरही मुलाकडं इस्राएलला गेले. कंपाउंडर वारला, त्याच्यासाठी कुणी जमलं की नाही ते मला कळलंही नाही. वर्ग मोडला. गिरणी पुन्हा सुरू झाली, तिच्यावर शनिवारी दुसरा मिस्त्री काम करू लागला. मी रविवारी घरीच बसून मोठ्यानं वाचायची. खोडून काढायला कुणी नसलं की वाचनाला काही अर्थ राहत नाही. नुसता आवाज होतो.

बऱ्याच वर्षांनी दादा आला. पोट सुटलेलं, केस गेलेले, मराठी थोडी अडखळत. प्रार्थनेचं पुस्तक बरोबर घेऊन मी त्याला कबरस्तानात नेलं. त्या वर्षीही पाऊस नव्हता, सगळीकडं कुसळं. मी म्हटलं, "तू म्हणत होतास म्हणून मी तरले बघ." तो वाकून पँटीला लागलेली कुसळं काढायला लागला. मग म्हणाला, "कारखान्यात शिफ्ट असायची गं. एकदोनदा गेलो. मग राहून गेलं. तिकडं आमच्यात कोण एवढं करतं आता?"

पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात. माझ्या पायाखालची जागच्या जागी होती, त्याच जमिनीत बाबा होते, आणि त्यांच्यासाठी जगात कुठंही, कुणीही, एकदाही नीट उभं राहिलं नव्हतं. मी रडले नाही. दादाच घाबरला. "तू इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं," म्हणाला. माझ्या हातातलं पुस्तक त्यानं घेतलं. "आण, आत्ता म्हणतो."

त्यानं वाचलं. एकटाच, प्रार्थनेला डोकं झाकायचं असतं तेही न झाकता, भराभर. ती अक्षरं तो दिवसभर वाचतो, भाजी घेताना, बसचं तिकीट काढताना, तसंच वाचलं. एकही अक्षर चुकलं नाही. मध्ये मध्ये ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं असतं, तिथं तिथं तो थांबला. ऐकायला तिथं मी एकटीच होते. माझ्या तोंडून ते निघालं नाही. शेवटी तो जरा जास्त वेळ थांबला, माझ्याकडं बघितलं, पुस्तक मिटलं आणि उमरग्याची गाडी कितीला आहे म्हणून विचारलं.