सासू-जावयाची भीड आणि माझं डोकं

माझी आई आणि माझा नवरा यांचं आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. लोक कौतुक करतात, करू देत बापडे. त्या गोडीपायी मी एकदा मरता मरता वाचले आहे.

बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आली ती अर्धी बॅग डिंक-खारकांनी भरून. नवरा हाडांचा डॉक्टर. जावयासमोर आई पाय पसरून बसत नाही आणि सासूबाईंनी वाढलेला भात तो नको म्हणत नाही, मग पोट फुटलं तरी चालेल. "तुम्ही म्हणाल तसं" हे दोघंही इतक्यांदा म्हणायचे, की हीटिंग किती ठेवायचं हे दुपारपर्यंत ठरायचं नाही.

लेक झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी तिला पाजून पाळण्यात ठेवलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी फाटकन फुटलं. नेहमीची डोकेदुखी चढत जाते, ही एका क्षणात डोकंभर झाली. मी तिथेच बसले आणि ओकले.

आईचं निदान तयार होतं. आदल्या दिवशी बाळाला तपासायला घरी आलेल्या नर्सला, म्हणजे हेल्थ व्हिजिटरला, सोडायला मी दारापर्यंत उघड्या डोक्याने गेले होते, म्हणजे कानात वारं शिरलं. तिने कानात कापूस कोंबला, डोक्याला सुती फडकं करकचून बांधलं आणि वर सेफ्टी पिन ठोकली. नवऱ्याचंही निदान तयार. बाळंतपणात पाठीत एपिड्युरलचं इंजेक्शन दिलं होतं, त्याने असं दुखतं, आडवं पडलं की बरं वाटतं. मी आडवी पडले, बरं काही वाटलं नाही. पण मला विचारतंय कोण?

खरी गंमत पुढेच आहे. वाऱ्याची गोष्ट आईला स्वतःलाच पटत नव्हती, आणि एपिड्युरलची नवऱ्याला. हे दोघांनी मला नंतर वेगवेगळं, हळू आवाजात सांगितलं. पण जावई डॉक्टर, त्याच्यापुढे आपण काय बोलायचं, म्हणून आई गप्प. सासूबाई एवढ्या मायेने करतायत, त्यांना उगाच कशाला घाबरवायचं, म्हणून हाही गप्प. बाहेर बसून एकमेकांना चहा देत होते.

"जरा झोपू दे तिला, नाही का?"

"हो, तुम्ही म्हणता तसंच."

मी आतून सगळं ऐकत होते आणि माझ्यात चिडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

मग लेक रडली. आईने तिला माझ्या कुशीत दिलं, तर माझा डावा हात उचलेचना. बाळ घसरलं, ते आईने वरच्यावर धरलं.

"अहो, हे वारं नाही," ती बाहेर बघत ओरडली. "ॲम्ब्युलन्स बोलवा आधी. तुमचं डॉक्टरपण नंतर."

जावयावर तिने आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तो आधीच नंबर लावत होता.

हॉस्पिटलमध्ये माझं ब्लडप्रेशर भलतंच वाढलेलं निघालं. बाळंतपण पार पडलं म्हणजे धोका टळला असं नाही, त्यानंतरच्या आठवड्यांतही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरीणबाई ट्रॉलीबरोबर चालता चालता सांगत होत्या. तातडीने सीटी स्कॅन करायचा ठरला. स्कॅनवाल्या मुलीने पिन काढली, फडकं सोडलं, कानातले कापसाचे बोळे निरखले आणि काही न विचारता आईच्या हातात दिले. आईला घोर दुसराच, या किरणांनी दूध नासेल का? नवऱ्याने भाषांतर केलं. मुलगी म्हणाली, दुधाला काही होत नाही, बाईंच्या अंगात ताकद असेल तर आजही पाजू दे. आईला ते पटलं नाही, पण तिने मान डोलावली.

स्कॅन झाल्यावर तो फोटो माझ्या खाटेजवळच्या कॉम्प्युटरवर दाखवला. करड्या मेंदूत सुपारीएवढा पांढरा डाग. ऑपरेशन लागणार नाही, प्रेशर खाली आणू, हात हळूहळू परत येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, हे नवऱ्याने आईला समजावलं. आई उठली आणि ओढणीच्या टोकाने स्क्रीनवरचा तो डाग पुसायला लागली. तिला कळत नव्हतं असं नाही, चांगली एम.ए. झालेली बाई आहे. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या, नवऱ्याने त्यांना हातानेच थांबवलं. मला रडू फुटलं.

"आई," तो म्हणाला, "अजून तासभर आपण तसेच चहा पीत बसलो असतो तर..."

आई पुसतच होती.

"तर ही गेली असती," ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं असतं, तुमची काही चूक नाही."