रिकाम्या हॉलचा एसी

लाकूड हवेतलं पाणी पितं. हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही. सगळं आयुष्य एसीच्या कामात गेलं, त्यातलं बरंचसं दोह्यात. उन्हाळ्यात समुद्रावरून दमट वारा सुटला की इथे गाडीच्या काचांना बाहेरून पाणी सुटतं. अशा गावात बास्केटबॉलचा लाकडी फ्लोअर सपाट ठेवायचा तर हॉलचा एसी कधीही बंद करायचा नाही. माणसं असोत, नसोत. तिथला एसी माणसांसाठी नसतोच, लाकडासाठी असतो. नवीन आलेल्या टेक्निशियनला हे मीच पहिल्या दिवशी सांगायचो.

आणि तो बंदही मीच केला.

का केला, याचं कारण सांगायची आजवर लाज वाटली. कारण इतकं साधं आहे. नाशकात आमचे वडील कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी घरभर नजर फिरवायचे. कुठे दिवा उगाच जळतोय, कुठल्या खोलीत पंखा भिंतींना वारा घालतोय. "कोण बसलंय आत? भुतं?" असं ओरडायचे. त्या घरात वाढलेल्या माणसाचा हात खोलीतून बाहेर पडताना आपोआप बटणाकडे जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अकॅडमी बंद झाली, मी शेवटची फेरी मारली. एवढा मोठा हॉल, आत चिटपाखरू नाही, आणि थंडगार हवा नुसती वाहतेय. थोडे दिवस तर आहेत, काय होतंय, असं मनात आलं आणि मी हॉलचा प्लांट बंद केला. मन कसं समाधानानं भरून आलं होतं, तेही आठवतं.

ही अकॅडमी म्हणजे मुलांना खेळ शिकवणारी एक खाजगी संस्था. इमारतीची यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर मी. फुटबॉलचा वर्ल्ड कप होऊन गेला होता आणि आता बास्केटबॉलचा दोह्यात यायचा होता. पाहुण्या टीमना सरावाला हॉल लागतील, आपलाही हॉल बघायला माणसं येतील, असं आमचा मॅनेजर उठता बसता सांगायचा. तो हे बोलला की आमचे बास्केटबॉलचे कोच माझ्याकडे बघून एक भुवई उडवायचे.

कोच लॅटव्हियाचे. साठी ओलांडलेले, ताडमाड उंच, गुडघे गेलेले. माझी मुलगी त्यांच्याकडे शिकायची. एकटेच राहायचे म्हणून शुक्रवारी आम्ही त्यांना गाडीत घालून समैस्माच्या किनाऱ्यावर न्यायचो. बायको डबा भरून भडंग घ्यायची. कोच त्यातले शेंगदाणे आधी वेचून खायचे आणि मग, "आता भात," म्हणून उरलेले कुरमुरे संपवायचे. मला ते 'मुहंदिस' म्हणायचे. इथे इंजिनिअरला तशीच हाक मारतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सहज विचारलं होतं, "तुमच्या एवढ्याशा देशाला बास्केटबॉलची टीम आहे?"

त्यांचा शेंगदाणा हातातच राहिला. "मुहंदिस, युरोपचा पहिला चँपियन कोण? सांग."

मी स्पेन म्हटलं, ग्रीस म्हटलं, इटली म्हटलं.

"आम्ही," ते म्हणाले. "एकोणीसशे पस्तीस. युरोपात पहिल्यांदा स्पर्धा भरली आणि ती आम्ही जिंकली. एवढ्याशा देशानं."

"मग पुढे?"

"पुढे देशच राहिला नाही."

युद्ध आलं, रशियन आले, जर्मन आले, परत रशियन आले. देश सोव्हिएत झाला तसा टीमचा गडद लाल शर्टही गेला. चांगले खेळाडू सोव्हिएत शर्ट घालून खेळायला लागले. "मेडल त्यांचं, उंची आमची," कोच हसून म्हणायचे. पस्तीसची गोष्ट त्यांच्या घरी जेवणानंतर, हळू आवाजात सांगितली जायची. शाळेत असताना एकदा ते वर्गात बोलून गेले, तर घरी आल्यावर आईनं तोंड दाबून धरलं होतं. पुढे देश परत मिळाला, तो गडद लाल शर्ट परत आला, पण वर्ल्ड कपचं दार काही उघडेना. प्रत्येक वेळी कुठेतरी अडकायचे. दोह्याच्या आधीच्या वर्ल्ड कपला पहिल्यांदा पोचले. तिथली सगळ्यात मोठी मॅच कोचनी आमच्या घरी पाहिली. उपांत्यपूर्व फेरी, समोर जर्मनी, दोन गुणांनी मागे, आणि शेवटचा लांबचा शॉट लागला नाही. कोच उठून उभे राहिले होते ते बसलेच नाहीत. बायकोनं चहा आणला, तोही उभ्यानं प्यायले. शेवटी टीम पाचवी आली. पाच बोटं माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "पहिल्यांदा गेले आणि पाचवे! आता पुढचा तुझ्या गावात."

"माझं गाव नाशिक."

"तेच ते."

त्यांना एवढंच हवं होतं. टीम पात्र ठरावी, आमच्या हॉलमध्ये सरावाला यावी आणि पहिल्या दिवशी हॉलचं दार त्यांनी उघडावं. "दारात उभा राहून 'लाब्रीत' म्हणणार. म्हणजे गुड मॉर्निंग. या वाळवंटात त्या पोरांना त्यांच्या भाषेत दुसरं कोण गुड मॉर्निंग म्हणणारे?" माझ्या मुलीला त्यांनी तो शब्द शिकवला होता. ती सकाळी हॉलवर पोचली की तेच म्हणायची. आम्ही घरी मराठी बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. पण हे लाब्रीत मात्र तिच्या तोंडात पक्कं बसलं होतं.

तर, सुट्टी. एका सकाळी ती कोचबरोबर जादा सरावाला गेली. किल्ली कोचकडे असायची. गेली तशी परत आली, घामानं निथळत.

"बाबा, द हॉल इज लाइक अ सॉना! कोच इज आस्किंग फॉर यू."

मी गाडी कशी हाकली, माझं मला माहीत. आत पाय ठेवला आणि त्या चिकट, उबट हवेनंच सगळं सांगितलं. बूट काढून कोर्टावर चाललो. लाकडी पट्ट्यांच्या कडा वर आल्या होत्या. तळपायाला पन्हळी पत्र्यावर चालल्यासारखं लागत होतं. कोच गुडघा धरून खाली वाकले होते, हात फिरवून बघत होते.

"एसी बंद होता?"

"ट्रिप झाला असेल," मी म्हटलं.

पहिलं खोटं असं निघालं. फार विचार करून नाही, शिंक आल्यासारखं. मग मी घाईनं प्लांट चालू केला आणि मनाशी म्हटलं, फ्लोअर वाळेल, बसेल खाली. नाही बसला.

सुट्टी संपल्यावर मॅनेजरनं मला आणि कोचना केबिनमध्ये बोलावलं. फ्लोअर बसवणाऱ्या कंपनीचा माणूसही होता. तो म्हणाला, लाकडाला पाणी लागलंय, हवेतून किंवा वरून. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं.

"सुट्टीत एसी चालू होता ना?"

हे सांगू शकणारा माणूस अख्ख्या अकॅडमीत एकच होता. तो मी.

"होता."

"मग वरूनच." तो कोचकडे वळला. "तुझं फडकं! किती वेळा सांगितलं मी तुला?"

त्या फडक्याची भानगड जुनी होती. इथे कितीही दारं लावा, वाळूची बारीक पूड आत येते आणि त्यावरून बूट घसरतात. म्हणून सरावाआधी कोच स्वतः ओलसर फडक्याचा रुंद मॉप कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे. लहानपणी ते स्वतःच्या कोचच्या हाताखाली हेच करायचे म्हणे. मॅनेजरला ते अजिबात चालायचं नाही.

"पिळून घेतो मी ते," कोच शांतपणे म्हणाले. "तेवढ्यानं अख्खा हॉल उठत नाही. आणि आम्ही आलो तेव्हा आत गरम होतं. मुहंदिसनं पाहिलंय."

परत सगळे माझ्याकडे. नोकरी, मुलीची शाळा, भाड्याचं घर, सगळं डोळ्यांपुढून गेलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसलं काही आलं नाही. समोर फक्त वडील आले, घरभर नजर फिरवणारे, आणि एवढंच वाटलं की मी मूर्ख ठरणार.

"दार उघडं राहिलं तर हॉल गरम होतो," मी म्हणालो.

किल्ली कोणाकडे होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कोच माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते थांबले होते. मी आणखी काही बोलतो का, याची वाट बघत थांबले होते. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास सरकवला. मॅनेजर म्हणाला, "खलास."

त्या संध्याकाळी मुलीनं जेवताना विचारलं, "यू टोल्ड देम, राइट? दॅट द एसी वॉज ऑफ?"

"हो."

बायको गॅसपाशी होती. तिच्याकडून तव्यावरची पोळी उलटायची राहिली, करपल्याचा वास आला. रात्री अंथरूण घालताना फक्त, "अहो, त्यांचं तर तिथे कोणीच नाही हो," एवढंच म्हणाली.

कोचचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. मी विमानतळावर सोडतो म्हटलं, तर टॅक्सी सांगितलीय म्हणाले. हॉलच्या पायऱ्यांवर हात मिळवला. "शुक्रन, मुहंदिस. वहिनींना सांग, त्या भाताची आठवण येईल." टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर मी कदाचित तिथेच तोंड उघडलं असतं. हेही मी स्वतःच्या सोयीचंच बोलतोय म्हणा.

फ्लोअर नवा बसला. मग पात्रता फेरीच्या मॅचेस सुरू झाल्या. मी त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर, आवाज बंद करून, चोरून बघायला लागलो. कोणाला वाटेल आपुलकीनं बघत असेन. नाही. तो गडद लाल शर्ट दिसला की मी मनातल्या मनात म्हणायचो, हरा. हरा रे. ते आलेच नाहीत तर कोणी दार उघडायचं हा प्रश्नच उरणार नव्हता. पस्तीस सालापासूनचं त्यांचं सगळं माझ्या माहितीचं, कोणी तोंड दाबलं आणि कोणी उंची दिली तेही माहीत, आणि मी त्यांच्या प्रत्येक चुकलेल्या शॉटवर सुटकेचा श्वास सोडत होतो.

एका शुक्रवारी दुपारी कोचचा मुलीला व्हिडिओ कॉल आला. अधूनमधून यायचा. मी तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालायला सटकायचो. त्या दिवशी तिनं फोन सरळ माझ्या हातात दिला.

"मुहंदिस! बघतोस ना मॅचेस?"

कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये असावेत. मागे चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. चेहरा उतरला होता, भुवई मात्र तीच उडाली. आणि माझ्या तोंडून निघालं, "एसी मी बंद केला होता. ट्रिप झाला नव्हता. मी बटण दाबून बंद केला होता."

चेंडूचा आवाज चालूच होता.

"हॉल गरम होता हे मला माहीत आहे," कोच म्हणाले. "मी आत उभा होतो ना? मला काय सांगतोस? ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग." मग थकल्यासारखे, "यल्ला, चल आता," म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलगी शेजारीच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. तिच्या हातात फोन देताना मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. मराठीत. "तू मला हो म्हणाला होतास."

आत निघून गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

रविवारी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिला. "आता सांगतोस? फ्लोअर नवीन आहे, कोच नवीन आहे. तुझ्या या खरेपणाचं मी काय करू?"

"त्यांना परत बोलवा. निदान एक काँट्रॅक्ट. चूक त्यांची नव्हती असं वरती कळवा."

"कळवतो. पण या वयात नवा व्हिसा? इन्शाल्ला." हा शब्द कुठल्या सुरात आला की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे कळायला इथे काही वर्षं काढावी लागतात. मला ते कळलं. "तुझं काय करायचं ते नंतर ठरवू. आधी वर्ल्ड कप जाऊ दे. टीम सरावाला आली तर एसीचा माणूस दाराशी हवा. किल्ली तूच ठेव."

किल्ली घेऊन घरी आलो. ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि मॅनेजर काय म्हणाला ते दोघींना सांगितलं. कोच येणार नाहीत. टीम आली, तर दार मी उघडणार. मॅचेस बघताना मनात काय म्हणायचो तेही सांगून टाकलं; आता लपवून काय करायचं होतं? बायकोनं डोळे मिटून घेतले.

मुलगी किल्लीकडे बघत होती. लांबलचक पट्टीला अडकवलेली, कोचनीच आणलेली ती पट्टी, गडद लाल.

"आणि आता?" तिनं विचारलं.

"आता यावेत असं वाटतं. भीतीही तेवढीच वाटते."

"आले तर मी येणार तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "दार तू उघड, ते तुझं काम आहे. पण लाब्रीत तू म्हणायचं नाहीस. ते मी म्हणेन."

मी मान हलवली. पुढची मॅच मंगळवारी आहे. आवाज चालू ठेवून बघायची, असं तिनं सांगितलंय.