आत्याचा धवला मी जवळजवळ पुसलाच होता

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

माझी कोपरीची आत्या धवलारीण. आमच्या कोळ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले तीच गायची. घशाच्या ऑपरेशननंतर तिचं गाणं गेलं, उरली एक कॅसेट. ती मी कॉम्प्युटरवर उतरवून परत दिली. आत्याच्या घरच्यांना वाटलं काम झालं, त्यांनी तिच्यावर बारसं टेप केलं.

आज दुपारी ठाकुर्लीला आमच्या घरी, आत्याला शेजारी बसवून मी फाइलच्या सुरुवातीची खरखर कापली. डिस्क भरलेली होती, म्हणून कमी जागेचा फॉरमॅट निवडला आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. प्लेअरवर लावून ऐकते तर आत्या पिंपात बसून गातेय!

मूळ फाइल गेली, कॅसेटही गेलेली.

मग दिसलं, कापायच्या प्रोग्रामची खिडकी अजून उघडीच होती. त्यात जुना, स्वच्छ आवाज शाबूत होता. तेवढ्यात ट्यूबलाइट लुकलुकली. लाइट गेली असती तर सगळंच संपलं असतं. भावाचे गेम उडवून जागा केली, फॉरमॅट न बदलता नव्या नावाने सेव्ह केलं. वाचलं!

आत्या कुजबुजली, "अगो, मी शिकवत होते तवा तूच बोललीस ना, 'शिकायचं कशाला, रेकॉर्ड करू'?"

आम्ही सात भाच्या-पुतण्या. एकीलाही धवला येत नाही. खरी भीती आता वाटतेय.

तुमच्यापैकी कुणाला येतो एखादा धवला तोंडपाठ, मशीन बंद असताना?