घोडीची सलामी

आमची घोडी ठेंगणी होती. जत्रेत मोठ्या घोड्यांच्या रांगेत उभी राहिली की कुणीतरी हमखास विचारायचं, "शेळी कुणाची ही?" आबा नुसता फेटा नीट करायचे. हलगी वाजायला लागली की विचारणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

आबा म्हणजे माझे वडील. या घोडीची आई आमच्या आजोबांच्या मेंढरांमागं बिऱ्हाड वाहायची. पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि सगळ्यात वर एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. मेंढरं गेली, आम्ही मोरगावच्या अलीकडं जिरायतीत वस्ती करून राहिलो, आणि त्या सगळ्या फिरतीतली ही एकटी घोडी आमच्याकडं उरली. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. म्हणजे वस्तीवर आबा, मी आणि घोडी.

आबांना बोलायचा कंटाळा, आणि मी त्यांचीच लेक. "जेवलीस?" "जेवले." एवढ्यात आमचा दिवस संपायचा. घोडीचा विषय निघाला की मात्र दोघांनाही वाचा फुटायची. तिचा डावा पाय उशिरा का उठतो, यावर आम्ही भाकरी गार होईपर्यंत भांडलोय.

आमच्याकडं जत्रेत घोडी नाचवायच्या स्पर्धा असतात. जागच्या जागी पाय उचलून ठेका धरायचा, दोन्ही बाजूंना तिरकं चालायचं, मागच्या पायांवर गोल फिरायचं आणि शेवटी पुढचा एक पाय मुडपून, मान खाली घालून सलामी द्यायची. तिसरीत असल्यापासून तिच्यावर मी बसायचे. घरी सरावाला हलगी कुठली असणार? आबा तेलाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन दोन काटक्यांनी वाजवायचे. घोडी नाचायची आणि नाच संपला की वळून आबांना सलामी द्यायची. जत्रेतही तेच. आबा हलगीवाल्याच्या शेजारी उभे राहायचे आणि एवढ्या गर्दीतून घोडी बरोबर त्यांच्याकडं तोंड करून वाकायची. लोक टाळ्या पिटायचे. आबा घरी येताना म्हणायचे, "हजार माणसांत हुडकती मला." मला राग यायचा. पाठीवर बसून पाय दुखवून घ्यायचे मी, आणि मान आबांना! पण बक्षिसाच्या ढाली आमच्या भिंतीवर मावेनात, हेही खरं.

मग माझी उंची वाढली. नववीत गेले आणि उसासारखी नुसती वरच निघाले. दहावीच्या वर्षी इंदापूरकडच्या एका जत्रेत मी घोडीवर बसले, तर माझे पाय तिच्या पोटाखाली लोंबत होते. गर्दीतून एकजण ओरडला, "आरं, आता पोरीनंच घोडीला काखंत मारावं!" सगळी जत्रा हसली. घोडी बिचारी नाचत राहिली. मी खाली मान घालून बसले होते.

टेम्पोतून परतताना आबा म्हणाले, "आता हिला दुसरं कुणीतरी बसणारं बघाया पायजे."

"विका की मग," मी म्हटलं.

"इकायची न्हाय. बसणारं बघायचं. नाचणारी घोडी नुसती दावणीला बांधली तर ठेका इसरती."

मग आमच्या वस्तीवर बघायचे कार्यक्रम सुरू झाले. पाहुणे यायचे, पोहे खायचे, पोराला घोडीवर चढवायचे. एकाने बूट घालून टाचा मारल्या. एकाने चाबूक आणला होता, त्याला आबांनी चहासुद्धा विचारला नाही. आबा डबा वाजवून दमायचे आणि घोडी खांबासारखी उभी. आबांचा चेहरा उतरायचा. मला मात्र इतका आनंद व्हायचा की पाहुण्यांच्या चहात मी साखर जास्त घालायचे.

बावड्याहून एक तात्या आले, सोबत आठ वर्षांची नात. ती पोरगी घोडीवर बसली आणि काहीच केलं नाही. लगाम सैल सोडला, मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "वाजवा की, आबा." आबांनी वाजवलं. घोडीनं कान टवकारले आणि पाय उचलला. डावासुद्धा वेळेवर. शेवटी वळून आबांना सलामी दिली. मी सरपणाच्या ढिगामागं जाऊन रडून घेतलं.

आबांनी एक पैसा न घेता घोडी बावड्याला धाडली. मागं राहिलो आम्ही दोघं, आणि आमच्यात बोलायला काही नव्हतं. आबा सवयीनं कडबा तोडायचे आणि मग तो तसाच बांधून ठेवायचे. मी बारामतीला कॉलेजात जायला लागले. संध्याकाळी एसटीतून उतरून वस्तीकडं चालताना पाय जड व्हायचे. घरात "जेवलीस?" एवढंच वाट बघत असायचं.

पुढच्या वर्षी तात्यांचा निरोप आला, जत्रेत घोडी उतरणार आहे. आबा म्हणाले, "मी न्हाय येत. मला बघितलं तर माझ्याकडंच धावंल ती. पोरीचा खेळ बिघडंल. तू जा."

मी गेले. गर्दीत मागं उभी राहिले. हलगी सुरू झाली आणि माझ्या टाचा जमिनीवर आपोआप हलायला लागल्या. घोडी फार सुंदर नाचली. शेवटी ती वळली आणि हलगीकडं तोंड करून वाकली. हलगीवाल्याच्या शेजारी, जिथं आबा उभे राहायचे तिथं, कुणी अनोळखी माणूस तंबाखू मळत उभा होता.

परत येताना एसटीत मी ठरवत होते, काय सांगायचं.

आबा दारातच बसले होते. "कशी नाचली?" म्हणाले. आणि मग किती महिन्यांनी आम्ही बोललो! पोरगी कशी बसली, पाय कसा उचलला, बक्षिसाचा फेटा कुठल्या रंगाचा मिळाला. आबांना सगळं दोनदा ऐकायचं होतं.

मग त्यांनी विचारलं, "सलामी कुणाला दिली?"

आमच्यात घोडीबद्दल कधी कुणी खोटं बोललं नव्हतं. "हलगीकडं दिली," मी म्हटलं.

"तितं वळखीचं कोण हुतं?"

"कुणी न्हाय."

आबांनी रिकाम्या दावणीकडं बघितलं. मग हसले. "म्हंजे इतकी वर्सं हलगीलाच देत हुती. आन् मी उगंच फेटा नीट करून उभा ऱ्हायचो."

मीही हसले. मग ते म्हणाले, "त्यो तेलाचा डबा कुठं ठिवलाय गं?"

"त्यात बाजरीचं बियाणं भरलंय, आबा."

"आसू दे मग," आबा म्हणाले. "जेवलीस?"