वाडीला न गेलेल्या बाईंचा अर्ज

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरच्या दिवाणी कोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा पहिली दोन वर्षं मला एकच काम होतं, मुदतीचे अर्ज लिहिणं. माझे सीनियर दावे चालवायचे आणि तारखा पुढे ढकलायची कामगिरी माझ्याकडे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचं तर पोटच त्या पायरीवर होतं.

या कामात मी लवकर तरबेज झाले आणि त्याची मला घमेंडही होती. शनिवारी दुपारी शाहूपुरीतल्या ऑफिसात बसून वीसेक अर्ज कारणासकट लिहून ठेवायचे, नाव आणि दावा नंबर तेवढा मोकळा. ताप, जुलाब, भाचीचं लग्न, चुलत्याचं बारावं. तारीख पौर्णिमेला आली तर 'पक्षकार दत्तदर्शनासाठी नृसिंहवाडीस गेले असल्याने'. पौर्णिमेला निम्मं कोल्हापूर वाडीलाच असतं, तेव्हा ते कोण तपासणार?

समोर बहुतेक वेळा एक म्हातारे वकील असायचे. माझ्या प्रत्येक अर्जावर ते 'हरकत आहे' असं लिहायचे, इतकं दाबून की अक्षर खालच्या कागदावर उठायचं. "पोरी, तुझ्या अशिलांचं चुलतं मरायचं थांबणार कवा गं?" असं व्हरांड्यात सगळ्यांदेखत विचारायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

आमच्याकडे मंगळवार पेठेतल्या एका बाईंचं काम होतं. बाई दवाखान्यात आया होत्या, नवरा वारलेला. त्यांच्या राहत्या दोन खोल्या आपल्या आहेत म्हणून दिरानं दावा लावला होता. खोल्या नवऱ्यानंच बांधून घेतल्या, हे सांगणारा एकच माणूस उरला होता, ज्यानं त्या बांधल्या तो शेजारचा म्हातारा गवंडी. त्याच्या साक्षीसाठी कोर्टानं शेवटची मुदत दिली होती. तो आला नाही तर पुरावा बंद, आणि पुरावा बंद म्हणजे बाई रस्त्यावर.

त्या सकाळी बाई धापा टाकत आल्या. "वकीलबाई, गवंडीमामा पहाटं मोरीत घसरल्यात. मांडीचं हाड मोडलंय. आत्ताच त्यास्नी दवाखान्यात घालून आलोय." सीनियर दुसऱ्या कोर्टात, माझ्यापुढे अकरा दाव्यांचे कागद. "बरं बरं, मुदत मागते," म्हटलं. आज पौर्णिमा, एवढंच डोक्यात आलं, आणि गठ्ठ्यातला वाडीचा अर्ज काढून त्यावर बाईंचं नाव घातलं. खरं कारण हातात असताना मी खोटं लिहिलं, तेही सवयीनं.

पुकारा झाला तशा बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर नृसिंहवाडीला गेलाय म्हणे."

'सकाळी जाऊन आले म्हणा,' असं मी लाज सोडून डोळ्यांनी खुणावलं. बाईंना ते कळलंही. पण त्या म्हणाल्या, "साहेब, मी न्हाय गेलतो. आमी बुद्धाची माणसं, वाडीला जात न्हाय. गवंडीमामाचा पाय मोडलाय, म्हणून ते आलं न्हाईत. खरं ते एवढंच हाय."

कोर्टात हशा पिकला. साहेबांनी पेन उचललं. आता 'नामंजूर' पडणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात दिराचे वकील, तेच म्हातारे, उठले. दीर मागून त्यांचा कोट ओढत होता. "साहेब, मुदत द्यायला आमची हरकत न्हाय. चूक या पोरीची हाय. बाई खोटं बोलून सुटली असती, पर न्हाय बोलली की. पोरीच्या कागदापायी तिचा पुरावा बंद व्हायला नको."

मुदत मिळाली. पुढे गवंडीमामा काठी टेकत येऊन साक्ष देऊन गेले आणि खोल्या बाईंच्याच राहिल्या. त्या दिवशी मात्र मी बाहेर येऊन बाईंची माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आपल्याजवळ खरं कारण हुतं की. मग दुसरं कशाला लिवलं?" मी ऑफिसात जाऊन तो गठ्ठा फाडला. सीनियरांनी यथेच्छ खरडपट्टी काढली.

दहाएक वर्षांनी माझे वडील अतिदक्षता विभागात होते आणि त्याच दिवशी मला एका साक्षीदाराचा उलटतपास घ्यायचा होता. समोर तेच वकील, आता आणखी थकलेले. मी अर्ज पुढे केला. त्यांनी न वाचताच 'हरकत नाही' लिहिलं.

"वाचा तरी," मी म्हटलं.

"तुझं कारण वाचावं लागत न्हाय आता. जा, घरच्यांकडं जा."

वडील त्यानंतर दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस मी त्यांच्या उशाशी होते.

पुढे एकदा मंगळवार पेठेत जाऊन मी हे सगळं बाईंना सांगितलं. वडिलांजवळचे ते दोन दिवस तुमच्यामुळे मिळाले, असंही म्हटलं, आणि मला रडू आलं. त्याच दोन खोल्यांत बाईंनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.

"माझ्यामुळं कशाचं?" त्या म्हणाल्या. "खरं कारण हुतं की."