खांदा कॉलनीतला वन्स मोअर

पुण्याहून पनवेलला नाटक बघायला गेले होते, असं सांगितलं की लोक अजूनही हसतात. पुण्यात नाटकं संपली होती का? नव्हती. पण माझ्या धाकट्या भावाचा, वसंताचा फोन आला. "ताई, आमच्या केतकीच्या ग्रुपने म्युझिकल बसवलंय. तू येऊन बघ. तू हो म्हणालीस तर पोरीला पुढे करू देतो, नाहीतर हे शेवटचं." झालं! जन्मभर संगीत नाटकं पाहिल्याची ही शिक्षा.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. एक्स्प्रेसवे नव्हता, त्यामुळे स्वारगेटहून एसटी आणि जुना घाट. सवड असेल तर आजही जुन्याच रस्त्याने जा आणि खिडकी सोडू नका. वडा मात्र घाट उतरून खोपोलीतच खा, पोट तुमचे आभार मानेल. पळस्प्याला गोव्याचा फाटा दिसला की सीटखाली सरकलेल्या चपला शोधायला लागायचं.

पनवेल स्टँडवर रिक्षावाल्याला खांदा कॉलनी सांगितलं.

"पोरांच्या नाटकाला ना, मावशी? माझी पोरगी पन हाय त्यात. नाचते. गानं तिला येत नाय."

शाळेच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पडदा उघडला आणि माझं कपाळ आठ्यांनी भरलं. नांदी नाही, पेटी नाही, तबला नाही. सगळं संगीत कॅसेटवर आणि त्यावर पोरांच्या उड्या. पहिलं गाणं गणिताच्या क्लासवर. दुसरं, घरात फोन नसताना प्रेम कसं करावं यावर. त्याला मी हसले, आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडले.

मग केतकी आली. तिची भूमिका दोन खोल्यांच्या घरातल्या मुलीची. एकटं बसायला जागा नाही म्हणून ती बाथरूमची कडी लावते, नळ सोडते आणि पाण्याच्या आवाजाआड गाते. साधीच चाल होती, पण मला भरून आलं. माहेरी आम्हीही दाटीवाटीनेच वाढलो. गाणं संपलं आणि मी ओरडले, "वन्स मोअर!"

अंगवळणी पडलंय हो! गाणं आवडलं की आम्ही ओरडायचं आणि गाणाऱ्याने पुन्हा म्हणायचं. इथे सगळा हॉल वळून बघायला लागला. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

कॅसेट तर पुढे गेलीच होती. उड्या मारणारी फौज स्टेजवर घुसलीही. केतकीला माझ्या सवयी ठाऊक. तिने सगळ्यांना थोपवलं. टेपवाल्या सरांनी कॅसेट मागे घेतली, तर गणिताचं गाणं लागलं. हॉल खदखदून हसला. शेवटी केतकीने हाताच्या खुणेनेच टेप बंद करायला सांगितला आणि तशीच गायली. सूर जरा चढाच धरला, अंतऱ्यात आवाज चिरकला. पण या वेळी शब्द न शब्द ऐकू आला.

नाटक संपलं. वसंता समोर उभा. "बोल, ताई."

"उड्या फार. कॅसेट कर्कश. शेवटची दोन गाणी कापा."

केतकीचा चेहरा पडला.

"आणि हो-नाही काय विचारतोस? मी सगळ्यांदेखत ओरडले ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना. लाज वाटली," वसंता म्हणाला. मग हसला. "बरं, करू दे."

ते नाटक मला आवडलं का? अर्धंमुर्धं. त्या कॅसेटला मी आजही माफ केलेलं नाही. ते गाणं मात्र पुण्याला परतल्यावर भाजी चिरताना आपोआप तोंडात यायचं.

काही दिवसांनी संध्याकाळी वसंताचा फोन आला. "ताई, नाटकाला हो म्हटलं, पण ही रोज बाथरूममध्ये नळ सोडून गाते. पाणी पुरत नाही गं! आत्ताही तिथेच चाललीये."

"मग तिला बाहेरच्या खोलीत गाऊ दे. आणि तुझा तो टीव्ही बंद कर."

पलीकडे बातम्या चालू होत्या, त्या थांबल्या. मग केतकीचा आवाज आला, नळाशिवाय.